ज्याचं ढोर, त्याचा खड्डा

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. "सरकारी नोकरीत राहून आपण ख्रिस्ताचं कार्य कसं केलं, याच्या आठवणी लिहून पाठवाव्यात." पत्र वाचून मी बायकोला म्हणालो, "यांना कुणीतरी भलत्याच माणसाचा पत्ता दिलाय." मी उभ्या आयुष्यात एकही प्रवचन केलं नाही. पुस्तिका वाटल्या नाहीत. नोकरीची सगळी वर्षं मी ढोरांच्या नाकात बोटं घालण्यात आणि शेपट्या पिरगाळण्यात घालवली. बायको गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तेच लिहा. खोटं लिहिण्यापेक्षा शेपट्यांचं लिहिलेलं बरं."

म्हणून शेपट्यांचं लिहितो.

माझा हुद्दा स्टॉकमन. हा शब्द आष्टीच्या बाजारात कोणालाही उच्चारता येत नव्हता आणि कोणी तो प्रयत्नही केला नाही. लोकांच्या लेखी मी ढोराचा डॉक्टर. खरे डॉक्टर आर्वीला बसत, त्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो. मी नागपूरला वर्षभर शिकून आलेला, एक सायकल आणि एक लाकडी पेटी मिळालेला माणूस. पेटीत टिंक्चर, सुया, औषध पाजायची बांबूची नळी, दोर आणि बैल खच्ची करायचा लोखंडी चिमटा. आष्टी, तळेगाव आणि आजूबाजूची गावं माझ्याकडे होती. सन छप्पनच्या शेवटी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा कागदांवरचे शिक्के बदलले. पेटी तीच राहिली, आणि सायकलचं मागचं चाक आधीसारखंच दर आठवड्याला पंक्चर होत राहिलं.

त्या भागातलं ढोर म्हणजे गवळाऊ. पांढरं, अंगानं हलकं, पायानं चपळ. गवळाऊची जोडी गाडीला जुंपली की मालकाला चाबूक लागत नाही, आणि हे तो रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अशा जनावरावर हात ठेवायचा म्हणजे आधी मालकाची मर्जी सांभाळायला हवी. आमच्या कामात निम्मा वेळ त्यातच जातो, हे नागपूरच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

खच्चीकरणाचंच बघा. जुनी रीत दगडावर ठेवून ठेचायची. बैल ओरडायचा, सुजायचा, कधी मरायचा. माझ्या चिमट्यानं कातडी न फाटता आतली नस दाबली जायची. रक्ताचा थेंब नाही. तळेगावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे काही केल्या पटेना. "रगत नाई निंघालं, मंग केलं काय तुमी?" ते पुढचे दोन महिने दर बाजारच्या दिवशी माझ्याकडे येऊन सांगत, "अजून काई समजून नाई राह्यलं." तिसऱ्या महिन्यात ते आले नाहीत. मी चौकशी केली तर कळलं, बुवा आता गावोगाव माझी जाहिरात करत हिंडताहेत आणि चिमटा आपणच नागपूरहून मागवल्यासारखं सांगताहेत. मला फार बरं वाटलं.

दुसरी एक आठवण विसरता येत नाही. गाय अडलेली, वासराचा एक पाय मागे दुमडलेला, माझा हात खांद्यापर्यंत आत. आणि त्याच वेळी घरातली बुढी माझ्या चेहऱ्यासमोर येऊन बसली. "तुमी इसाई ना जी? मंग तुमी गाय खाता म्हनतात." अशा वेळी माणसाला पळूनही जाता येत नाही. मी म्हणालो, "माय, मले पगार किती भेटते माहीत हाये का? आमच्या घरी तीन महिन्यातून एकदा बोकडाचं मटन येते, थे बी पाव शेर." बुढी इतकी हसली की गाय दचकली आणि त्या झटक्यात दुमडलेला पाय माझ्या हाती आला. वासरू जगलं. त्या दिवशी मला अंगणात, पत्र्याच्या डब्यातून ताक मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी गाय बघायला गेलो तर बुढीनं खरवस पितळेच्या ताटलीत घालून ओसरीवर बोलावलं. ती ताटली तिच्या घरातली होती. मी ताटली चाटूनपुसून खाल्ली.

आमचे वडील मिशनचे प्रचारक. आठवडी बाजारात डफ वाजवून गाणी म्हणत आणि गर्दी जमली की बोलत. मला सरकारी नोकरी लागली तेव्हा त्यांना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. नोकरीत असताना धर्माचं बोलायचं नाही, असा नियम होता. शिवाय त्या काळात मिशनच्या कामावर सरकारची बारीक नजर होती आणि आमच्यासारख्या इसाई नोकराकडे जरा रोखूनच पाहिलं जाई. कोणी एक अर्ज टाकला की चौकशी लागे. मी तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. गायीच्या पोटात हात घालण्याआधी मनात प्रार्थना करायचो, तेवढीच. आणि एक ठरवलं होतं की जनावर वाचणार नसेल तर मालकाला तसं स्पष्ट सांगायचं, उगाच औषधं पाजत बसायचं नाही. पुष्कळांना याचा राग आला. नंतर तेच लोक मला आधी बोलवायला लागले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गावाचं नाव लिहीत नाही. तळेगावपासून दोन कोसांवरचं गाव, एवढं पुरे. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट.

बुळकांडी हे नाव आजच्या शेतकऱ्यांच्या मुलांना माहीतही नाही, आणि माहीत नाही याचा मला अभिमान आहे. आमच्यासारख्या सायकलवाल्यांनी गावोगाव लस टोचून तिला हाकललं. पण तेव्हा त्या नावानं माणसं बसल्या जागी थंड पडायची. ढोराला सणसणून ताप चढतो, डोळ्यांतून आणि नाकातून घाण वाहते, मग अशी हगवण लागते की गोठ्याचा वास गावाबाहेरून येतो. आठवड्याभरात खेळ संपतो. एका गोठ्यात शिरली की ती गावभर फिरते. ओळखायची खूण सोपी आहे. खालचा ओठ उलटवायचा आणि आत बोट फिरवायचं. बोटाला भिजलेला कोंडा लागल्यासारखं लागलं की समजायचं.

त्या गावात गुलाबराव नावाच्या साठीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात मी एका बैलाच्या ओठात बोट फिरवलं आणि कोंडा लागला. त्याचा जोडीदार त्याच सकाळी मेला होता आणि गोठ्यामागे पडलेला होता. गुलाबराव माझ्या बोटाकडे बघत होते. "वाचन का?" मी म्हणालो, "नाई, गुलाबरावजी. पन बाकी गाव वाचू शकते." ते तिथेच उकिडवे बसले. ती जोडी त्यांनी वासरं असल्यापासून हातानं वाढवली होती. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग गावाचं पाहा."

आर्वीला निरोप धाडला. लस बर्फात घालून मोटारीनं येणार, त्याला उद्याची दुपार होणार. लस टोचल्यावरही अंगात ताकद यायला दिवस लागतात. तोवर सगळा भरवसा दोनच गोष्टींवर. ढोरं घरच्या घरी बांधून ठेवायची, आणि मेलेलं जनावर ताबडतोब खोल पुरायचं, चुना टाकून. पडून राहिलं तर कुत्री लचके तोडतात आणि रोग तोंडात धरून गावभर नेतात.

गावचे पाटील देवरावजी. मोठा माणूस, मोठा आवाज. माझ्या दौऱ्याच्या डायरीवर सही त्यांची लागे. सही नसली की दौरा झालाच नाही असं धरलं जाई. त्यांच्याकडे जाऊन मी मेलेल्या बैलाची गोष्ट काढली, तर ते म्हणाले, "थेच तं सांगून राह्यलो. सकाळपासून बैल पडला हाये अन वस्तीतून कोनी याले तयार नाई. म्हनतात, आमी दीक्षा घेतली, आता मेलेलं ढोर नाई ओढत. डॉक्टर, तुमी सरकारी मानूस. तुमी जाऊन सांगा."

आणि मी गेलो. मेलेलं जनावर दिसलं की वस्तीत निरोप पाठवायचा, हे आमच्या कामात इतकं ठरलेलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात होती बुळकांडी. तीन वर्षं त्या गावात येत होतो, पण बौद्ध वस्तीत पाय ठेवला नव्हता. त्यांच्याकडे गाईबैल नव्हते, म्हणून माझं काम नव्हतं. असं मी स्वतःला सांगत असे. वस्तीतली सात-आठ घरं पाटलांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधालगत होती.

पहिल्याच घरासमोर एक पन्नाशीच्या बाई अंगण सारवत होत्या. अनसूयाबाई. नवरा वारलेला, मुलगा पुलगावच्या गिरणीत. मी सरकारी आवाजात सांगितलं, रोग आहे, ढोर लवकर उचललं पाहिजे, चार माणसं पाठवा. बाईंनी शेणाचे हात तसेच ठेवून माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आमी तं सोडलं, साहेब. आमच्या दारात आता ढोर ओढाचं दावं नाई. तुमाले लवकर उचलाचं हाये तं तुमी काऊन नाई ओढत? तुमचे हात का चांदीचे हायेत?"

आजूबाजूला चार बायका होत्या. कोणी हसलं नाही. मी परत फिरलो.

गावाच्या विहिरीपाशी येऊन बसलो. बाईंना माहीत नव्हतं, पण माझे आजोबा हेच काम करत. पाटलाच्या गावात मेलेली ढोरं ओढत. मिशनमध्ये आले तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी ती सोडली, त्यासाठी मार खाल्ला आणि गाव सोडलं. ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळला सांगितली जाई आणि आम्ही मुलं अभिमानानं ऐकायचो. त्याच आजोबांचा नातू पेटी घेऊन, खाकी घालून, काल-परवा हे काम सोडलेल्या माणसांच्या दारात उभा राहिला होता आणि म्हणत होता, चार माणसं पाठवा. मला इतकी लाज वाटली की क्षणभर सायकलवर बसून आष्टीला निघून जावं असं वाटलं. पण बैल पडला होता आणि कुत्री जमायला लागली होती.

मी उठलो, गुलाबरावांच्या गोठ्यामागे गेलो आणि सदरा काढून कुडाला अडकवला.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. रोगानं मेलेलं जनावर जमिनीवरून फरपटत न्यायचं नसतं. त्याच्या नाकातोंडातून आणि मागून जे गळतं, त्यात रोग असतो, आणि फरपटत नेलं की तो गल्लीभर सांडत जातो. म्हणून आधी भोकांत गवताचे बोळे कोंबायचे, मग जनावर फळीवर घ्यायचं. गुलाबरावांच्या गोठ्याचं एक मोडकं दार होतं. ते बैलाच्या पाठीला लावलं, दोर बांधला आणि बैल त्यावर लोटायला लागलो. बैल मेलेला असला तरी बैलच. मी ढकलतोय, घसरतोय, घाणीत गुडघ्यापर्यंत भरलोय, आणि तो एक वीतभर सरकला. गल्लीच्या तोंडाशी गाव जमलं होतं. पाटलांचा सालदार, सालाच्या बोलीवरचा गडी, तोंडावर उपरणं धरून बघत होता. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर येडा झाला."

गुलाबराव आतून आले. मग मला म्हणाले, "सरका जरा तिकडं." त्यांनी बैलाची शिंगं धरली. शिंगांना पोळ्याचा रंग अजून थोडा लागलेला होता. कोणाकडे न बघता ते म्हणाले, "माह्या बैलाले परका मानूस ओढून राह्यला अन मी उभा राहून पाहू का?" त्यांना मेलेल्या ढोराला हात लावताना पाहून गल्लीतून एक हुंकार निघाला. त्यांचे दोन पुतणे पुढे आले. मग दार हललं.

उन्हाळ्यातली काळी माती म्हणजे दगड. ओढ्यापासून लांब, उंचावर मी जागा आखून दिली, खणायला सब्बली, म्हणजे पहारी आणल्या, दुपार गेली. माणूस आत उभा राहिला तर त्याचं डोकं वर दिसू नये, इतका खोल खड्डा लागतो. चुना, मग बैल, मग चुना, मग माती, आणि वर बाभळीच्या काट्या. दार जाळलं. गावकऱ्यांना मी एकच नियम सांगितला, "ज्याचं ढोर, त्याचा खड्डा. मी संगं राहीन, पन दोराले घरच्या मानसाचा हात पायजे."

त्यानंतर मी तसाच वस्तीत गेलो. अंगाला इतका वास येत होता की अंगणाबाहेरच थांबलो. अनसूयाबाई दारात आल्या. मी म्हणालो, "मावशी, माहं चुकलं. मी तुमाले थे सांगाले याले नोको होतं. माफी मांगतो." एवढंच. "आंघोळ करा," म्हणाल्या आणि बादलीभर पाणी अंगणाच्या कडेला आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लस आली. गावचा कोंडवाडा उघडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत टोचत राहिलो. गुलाबरावांचा दुसरा बैल गेला, तो त्यांनीच पुरला. आणखी काही ढोरं गेली, ती ज्याच्या त्याच्या मालकानं पुरली. चौथ्या दिवशी पाटलांची म्हैस गेली. त्यांनी सालदाराला पाठवलं. मी म्हणालो, "सालदार चालते, पन घरचा बी एक हात पायजे." शेवटी पाटलांचा थोरला मुलगा नाकाला कापड बांधून आला आणि दोराला हात लावून उभा राहिला. ओढलं आम्हीच, पण हात लागला. सगळ्या गावानं ते पाहिलं. पाटलांनी मला कधी माफ केलं नाही.

पंधरा दिवसांनी रोग थांबला. दोन कोसांवरच्या दुसऱ्या गावात अर्धेअधिक गोठे रिकामे झाले होते, इथे बोटांवर मोजण्याइतकी ढोरं गेली. मी अहवाल लिहायला बसलो, तेव्हा पाटील स्वतः माझ्यासमोर येऊन बसले. डायरी त्यांनी हाताखाली दाबून धरली. "डॉक्टर, अहवालात एक गोष्ट लेहा. वस्तीतल्यायनं काम सोडलं म्हनून रोग पसरला. थो कागद घेऊन मी तहसिलीत जातो. माह्या धुऱ्यावरची घरं मले मोकळी पायजेत."

मी म्हणालो, "आधी लिहितो, मंग तुमाले वाचून दाखोतो."

आणि मी जे लिहिलं ते जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण त्या नोकरीत मी लिहिलेला तो सर्वांत चांगला कागद होता. "या गावी मृत जनावरे जमिनीवरून फरपटत नेली गेली नाहीत. त्यांची कातडी सोलली गेली नाही व मांस कोणत्याही घरी गेले नाही. बौद्ध वस्तीतील लोकांनी हे काम बंद केले असल्याने ही तिन्ही कामे थांबली, व रोग आटोक्यात येण्यास त्याची मोठी मदत झाली." यातला शब्दन् शब्द खरा होता. पूर्वीची रीत म्हणजे मेलेलं ढोर गावातून फरपटत नेणं, सोलणं, मांस वाटून नेणं. बुळकांडीला याहून चांगली वाट कोणी करून दिली नसती. पुस्तकात जे नियम होते, ते वस्तीनं आपल्या स्वाभिमानापायी आधीच पाळले होते.

पाटलांनी ऐकलं. डायरीवर सही न करता ते उठून गेले. महिन्याभरात माझ्याविरुद्ध अर्ज गेला. हा इसाई नोकर सरकारी कामाच्या नावाखाली वस्तीत जाऊन धर्मप्रचार करतो, बाटवाबाटवी करतो.

मध्यंतरी वडिलांनाही सगळं कळलं होतं. ते आष्टीला आले, जेवले, आणि निघताना म्हणाले, "तुझ्या आजोबांनी ज्या दिवशी दावं खाली ठेवलं, त्या दिवशी आपल्या घराचा नवा जन्म झाला. ते तू परत उचललंस." माझ्याकडे उत्तर होतं. पण वडिलांना उलट बोलायची आमच्या घरी रीत नव्हती. ते दुखावलेलेच गेले, आणि त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. एवढी एक गोष्ट मला आजही सलते.

चौकशी लागली. नोकरी जाणार असं आर्वीच्या मोठ्या डॉक्टरांनाही वाटत होतं. बायको तेव्हा पोटुशी होती. तिनं मला एकदाही विचारलं नाही की तिकडे जाऊन माफी कशाला मागितली. पण तिनं भांडी बांधायला घेतली होती, हे मी पाहिलं.

वर्ध्याहून एक साहेब आले. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. मला एका बाजूला बाकावर बसवलं. पाटलांनी जबानी दिली, सालदारानं दिली. मग साहेबांनी अनसूयाबाईंना बोलावलं. मी मान खाली घालून बसलो. या बाईंशी मी आयुष्यात दोनदा बोललो होतो आणि पहिल्यांदा बोललो ते तसलं. त्या काय बोलतील, मला सांगता येत नव्हतं.

"या माणसानं तुम्हाला येशूबद्दल काही सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"नाई जी."

"पुस्तक दिलं? प्रार्थना केली? आमच्या धर्मात या म्हणाला?"

"आमचा धर्म आमी घेतला हाये, साहेब. थो काऊन सांगन?"

"मग हा तुमच्या वस्तीत कशाला आला होता?"

"पह्यल्यांदा आला थे ढोर ओढाले मानसं पाठवा, असं सांगाले. मी नाई म्हटलं. दुसऱ्यांदा आला थे माफी मांगाले."

साहेबांची लेखणी थांबली. "माफी कशाची?"

"थेच, ढोर ओढा म्हटल्याची. अंगभर घान घेऊन अंगनाबाहेर उभा होता."

"हा इसाई आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

"तवा नाई माहीत. माफी मांगून गेला, तवा मी बाजूच्या बाईले इचारलं, हा कोन लोकायचा मानूस हाये बा? माह्या जल्मात सरकारी मानसानं आमाले माफी मांगली नाई. तिनं गावात इचारलं. गावातले म्हने, इसाई हाये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. जबानीखाली त्यांनी एकच ओळ लिहिली, "धर्मप्रचार केल्याचे आढळून आले नाही." बाईंनी अंगठा लावला. धुऱ्यावरची घरंही जागच्या जागी राहिली. माझा अहवाल वाचून साहेबांनीच पाटलांना समजावलं, असं मागाहून कळलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ओट्यावर बाईंचं शेवटचं उत्तर ऐकलं. ते आजही मला जसंच्या तसं ऐकू येतं. मी कोण लोकांचा, हे माझ्या सबंध नोकरीत संशयानं पुष्कळांनी विचारलं. माफी मागितली म्हणून, नवल वाटून मात्र एकीनंच विचारलं.

जबानी देऊन बाई पायऱ्या उतरल्या आणि माझ्या बाकापाशी थांबल्या. साहेब अजून टेबलाशीच होते, पाटीलही.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "माही बकरी तीन दिसापासून खाऊन नाई राह्यली. पाहाल का?"

मी पेटी उचलली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यामागे वस्तीत गेलो.